हिरव्या वायरचा हुकूम

(संगणकाच्या सर्व भागांना वीज वाटून देणारा एक डबा असतो. तो मदरबोर्डशिवाय एकटा कसा चालवून पाहतात आणि त्यातून काय समजते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

संगणकाच्या मागच्या बाजूला, जिथे विजेची जाड वायर लावतात, तिथे आतल्या अंगाला पत्र्याचा एक चौकोनी डबा बसवलेला असतो. त्याला एक पंखा असतो आणि त्याच्यातून रंगीबेरंगी वायरींचा झुपका बाहेर पडतो. हा संगणकाचा पॉवर सप्लाय. पण आपल्याकडच्या बाजारात त्याला सगळे ‘एसएमपीएस’ म्हणतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा किंवा आपल्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात जा. हेच नाव ऐकू येईल. म्हणून या पाठातही आपण तेच वापरू.

या डब्याचे काम काय? भिंतीतल्या सॉकेटमधून येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि तिची दिशा सारखी बदलत असते. संगणकाच्या नाजूक भागांना अशी वीज चालत नाही. त्यांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज हवी असते. मोठ्या विजेचे अशा लहान विजेत रूपांतर करायचे आणि ती ज्याला जेवढी हवी तेवढी वाटायची, हे काम एसएमपीएस करतो. घरात कमावणारा एक आणि खाणारे अनेक असतात ना, तसेच समजा.

आता असे समजा, की कोणी हा डबा संगणकातून काढला, टेबलावर ठेवला, त्याची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली आणि बटण दाबले. काय होईल? काहीच होणार नाही. पंखा फिरणार नाही, आवाज येणार नाही, दिवा लागणार नाही. पाहणारा म्हणेल, “गेला! एसएमपीएस उडाला!” आणि तो डबा भंगारात जाईल. असे कितीतरी चांगले डबे भंगारात गेले असतील. कारण तो डबा मेलेला नव्हता. तो हुकमाची वाट पाहत होता.

‘हुकूम’ हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. पण यंत्राला हुकूम कोण देतो? आणि तो त्याला कसा ऐकू येतो? हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९८१ साली आयबीएम कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला. त्याच्या एका बाजूला मोठे लाल बटण होते. ते खटकन वर केले की वीज आत जाई, खाली केले की वीज तुटे. घरातल्या दिव्याच्या बटणासारखाच हा प्रकार होता. त्यानंतर बरीच वर्षे असेच चालले. संगणकाचे काम संपले, तरी तो स्वतःहून बंद होऊ शकत नसे. विंडोज ९५ चालणाऱ्या अनेक जुन्या संगणकांच्या पडद्यावर शेवटी नारिंगी अक्षरांत एक वाक्य येई. ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’, असा त्याचा अर्थ. मग माणसाने उठून बटण बंद करायचे.

१९९५ साली इंटेल कंपनीने संगणकाच्या रचनेचे नवे नियम तयार केले. त्यांना ‘एटीएक्स’ म्हणतात. या नियमांनी एक मोठा बदल घडवून आणला. संगणकाच्या तोंडाशी असलेले बटण विजेच्या रस्त्यातून काढून टाकले. आता ते बटण वीज जोडत नाही की तोडत नाही. ते फक्त मदरबोर्डला कळवते, ‘साहेब, सुरू करा.’ मग मदरबोर्ड एसएमपीएसला हुकूम करतो आणि तेव्हा कुठे वीज वाहू लागते. म्हणजे बटण हा केवळ अर्जदार आहे. खरा साहेब मदरबोर्ड आहे. याचा फायदा असा, की काम संपल्यावर संगणक स्वतःच तो हुकूम मागे घेऊ शकतो. आपण पडद्यावर ‘शट डाउन’ निवडतो आणि पंखे आपोआप थांबतात, ते यामुळेच.

मदरबोर्डपासून एसएमपीएसपर्यंत हा हुकूम एका हिरव्या वायरमधून जातो. आता त्या रंगीबेरंगी झुपक्याकडे नीट पाहू.

त्यातला सर्वांत रुंद कनेक्टर मदरबोर्डवर बसतो. सुरुवातीला त्याला २० पिना होत्या. २००३ नंतर २४ पिनांचा कनेक्टर रूढ झाला. पिवळ्या वायरमध्ये १२ व्होल्ट असतात, लाल वायरमध्ये ५ व्होल्ट आणि नारिंगी वायरमध्ये ३.३ व्होल्ट. निळी वायर उणे १२ व्होल्टची असते. काळ्या वायरी बऱ्याच असतात. वीज ज्या वाटेने परत येते ती ही वाट. तिला ‘ग्राउंड’ म्हणतात. जांभळी वायर एकच असते. तिच्यात ५ व्होल्ट असतात आणि संगणक बंद असला, तरी ते चालूच असतात. एसएमपीएस झोपलेला असताना त्याचा एक डोळा उघडा राहतो, तो हा. या थोड्याशा विजेवर मदरबोर्डचा एक लहान भाग जागा राहतो आणि आपण बटण दाबण्याची वाट पाहतो. बंद संगणकाच्या आत कधीकधी एक बारीक दिवा लागलेला दिसतो, त्याचे कारण हेच.

करड्या रंगाचीही एकच वायर असते. सगळे दाब ठीक झाले, की एसएमपीएस या वायरमधून मदरबोर्डला ‘सर्व ठीक’ असा इशारा देतो. हा इशारा मिळाल्याशिवाय संगणक कामाला लागत नाही. म्हणजे हुकूम हिरव्या वायरमधून जातो आणि जबाब करड्या वायरमधून येतो.

आणि हिरवी वायर? तीही एकच. एसएमपीएस तिच्यावर स्वतःच सुमारे ५ व्होल्टचा दाब धरून ठेवतो. हा दाब आहे तोवर ‘थांब’ असा अर्थ. मदरबोर्ड जेव्हा या वायरला ग्राउंडशी जोडतो, तेव्हा तिच्यावरचा दाब जवळजवळ शून्य होतो. शून्य झाला, की ‘चल’ असा अर्थ. हुकूम म्हणजे एवढेच. मोठी वीज या वायरमधून जात नाही. अँपिअरच्या हजाराव्या भागात मोजावी एवढाच प्रवाह तिच्यात असतो.

मग मदरबोर्ड नसेल, तर आपणच त्या हिरव्या वायरला ग्राउंडशी जोडले तर? एसएमपीएसला हुकूम कोणी दिला, हे कुठे कळते? त्याला फक्त दाब शून्य झालेला कळतो. म्हणून वायरचा एक लहान तुकडा घ्यायचा, त्याची दोन्ही टोके सोलायची, एक टोक हिरव्या वायरच्या घरात घालायचे आणि दुसरे शेजारच्या काळ्या वायरच्या घरात. मग पिन भिंतीत घालून बटण दाबायचे. पंखा फिरू लागतो. मदरबोर्डशिवाय एसएमपीएस चालवणे म्हणतात ते हेच.

हिरव्या वायरच्या दोन्ही बाजूंना काळ्याच वायरी असतात, ही सोय चांगली आहे. तरीही घाई नको. हल्ली काही एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्याच असतात. काही कंपन्यांच्या संगणकांत कनेक्टरची रचनाही वेगळी असते. तिथे रंगावर भरवसा ठेवणे धोक्याचे. चुकून पिवळी आणि काळी जोडली गेली, तर १२ व्होल्टचा सगळा प्रवाह त्या तुकड्यातून धावेल. चांगला एसएमपीएस अशा वेळी स्वतःला बंद करून घेतो. हलक्या प्रतीचा घेईलच असे नाही. मग तो तुकडा तापून लाल होईल आणि बोट भाजेल. म्हणून तुकडा बसवताना भिंतीतली पिन काढलेलीच हवी. आणि हा प्रयोग शिक्षकांच्या किंवा जाणत्या कारागिराच्या समोरच करायचा. घरात एकट्याने नाही.

याहून मोठी गोष्ट अशी, की तो पत्र्याचा डबा कधीही उघडायचा नाही. बाहेर येणाऱ्या वायरींत जास्तीत जास्त १२ व्होल्ट असतात. त्यांचा झटका बसत नाही. पण डब्याच्या आत गोष्ट निराळी आहे. भिंतीतून आलेल्या २३० व्होल्टच्या विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. डब्यातले जाडजूड कपॅसिटर तेवढ्या दाबाची वीज साठवून ठेवतात. पिन काढल्यावरही ती काही वेळ तिथेच राहते. डबा बंद आहे, पिन हातात आहे, आता कशाची भीती, असे म्हणून कोणी स्क्रू काढून आत बोट घातले, तर ते जिवावर बेतू शकते.

अर्थिंगचेही असेच आहे. संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल. याचा अर्थ संगणक ‘करंट मारतो’ एवढाच लोक घेतात. खरे कारण पुष्कळदा असे असते, की सॉकेटला अर्थिंग नसते किंवा कोणीतरी पिनेची जाड तिसरी दांडी कापून टाकलेली असते. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन लहान कपॅसिटर विजेच्या दोन्ही वायरींपासून डब्याच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल, तर त्यांतून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. नसेल, तर पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्टचा दाब राहतो आणि तो प्रवाह आपल्या हातातून वाट शोधतो. हा प्रवाह फार थोडा असतो. पण उद्या डब्यात खरोखर बिघाड झाला, तर त्या घरात वाचवणारे काही नाही, हे त्या झिणझिण्या सांगत असतात. तिसरी दांडी कापणाऱ्या माणसाला आपण काय केले, याची कल्पनाच नसते.

एवढे सगळे समजून घेऊन उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. पुष्कळ लोक जुन्या एसएमपीएसवर गाडीतला टेप घरात वाजवतात, कारण गाडीच्या टेपलाही १२ व्होल्टच लागतात. त्यासाठी हिरवी आणि काळी वायर कायमची जोडून ठेवतात. पण दुरुस्तीच्या कामात याचा जो उपयोग होतो, तो अधिक मोलाचा. तो दाखवण्यासाठी एक गोष्ट सांगतो. ती रचलेली आहे. पण अशी दुरुस्ती कितीतरी दुकानांत रोज होते.

एका गावात मामूंचे संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान होते. त्यांची भाची नववीत शिकत होती. सुट्टीत ती दुकानात येऊन बसे. एके दिवशी एक वयस्कर गृहस्थ रिक्षातून संगणकाची पेटी घेऊन आले. ते लग्नाचे दावतनामे छापून देत. त्यांचे वडील कातिब होते. ते बोरूने लिहीत. मुलाने संगणक घेतला आणि ‘इनपेज’ या सॉफ्टवेअरवर उर्दू मजकूर जुळवायला सुरुवात केली. संगणक जुना होता, पण त्यांचे सारे काम त्याच्यावरच चाले.

“काल रात्रीपासून चालूच होत नाही,” ते म्हणाले. “एका दुकानात दाखवला. ते म्हणाले, मदरबोर्ड उडाला. जुना आहे, आता मिळणार नाही, नवीन संगणक घ्या. लग्नसराई तोंडावर आली आहे हो. एवढे पैसे आणू कुठून?”

मामू म्हणाले, “चाचा, बसा. आधी विचारून तर पाहू.”

“कोणाला?” भाचीने विचारले.

“एकेकाला,” मामू म्हणाले. “संगणक गप्प आहे. चूक कोणाची, हे तो सांगत नाही. म्हणून सगळ्यांना वेगवेगळे करायचे आणि एकेकाला विचारायचे.”

त्यांनी प्रथम भिंतीतले सॉकेट तपासले. मग विजेची वायर बदलून पाहिली. एसएमपीएसच्या मागचे छोटे बटण चालू आहे ना, तेही पाहिले. संगणक गप्पच. मग त्यांनी पिन काढली, कॅबिनेट उघडले आणि एसएमपीएसची मदरबोर्डला, हार्ड डिस्कला, सगळ्यांना गेलेली प्रत्येक वायर सोडवली.

“हार्ड डिस्कची का काढली?” भाचीने विचारले.

“तिच्यात चाचांचे सगळे काम आहे. हा डबा बिघडलेला असला आणि त्याने पाचाऐवजी सात व्होल्ट दिले, तर? संशय असलेल्या माणसाच्या हाती आपण तिजोरीची किल्ली देतो का?”

मामूंनी पिन लावली आणि मल्टिमीटरची काळी दांडी काळ्या वायरवर, लाल दांडी जांभळ्या वायरवर टेकवली. काट्याऐवजी आकडे दिसणारे ते मीटर होते. आकडा आला ५.०६.

“एक डोळा उघडा आहे,” भाची म्हणाली.

मामू हसले. त्यांनी लाल दांडी हिरव्या वायरवर ठेवली. ४.९ व्होल्ट. “आणि हा हुकमाची वाट पाहतो आहे.” पिन काढून त्यांनी वायरचा तुकडा हिरव्या आणि काळ्या घरात बसवला, पिन पुन्हा लावली. पंखा गरगर फिरू लागला. चाचा खुर्चीतून उठलेच. “चालू झाला!”

“थांबा चाचा. पंखा फिरला म्हणजे सगळे झाले असे नाही. काही नव्या एसएमपीएसमध्ये तर काम कमी असले, की पंखा मुद्दामच थांबवलेला असतो. म्हणून पंखा हा पुरावा नाही. पुरावा मीटरचा.” त्यांनी एकेक वायर मोजली आणि भाचीने वहीत लिहून घेतले. पिवळी १२.१, लाल ५.०८, नारिंगी ३.३४. करड्या वायरवरही जवळजवळ ५ व्होल्ट होते. म्हणजे ‘सर्व ठीक’चा इशाराही येत होता.

“हे आकडे बरोबर आहेत का, ते कसे ओळखायचे?” भाचीने विचारले.

“शंभरात पाच इकडे किंवा तिकडे चालतात. बाराचे पाच टक्के किती?”

“शून्य पूर्णांक सहा. म्हणजे ११.४ पासून १२.६ पर्यंत चालेल.”

“आता पाचाचे आणि ३.३ चे तू घरी काढ.” मामूंनी खणातून गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब काढला. तो १२ व्होल्टचा, २१ वॅटचा होता. “आत्ता हा खाली चालतो आहे,” ते म्हणाले आणि मग स्वतःच हसले. “मराठीत खाली म्हणजे निराळेच, नाही का? रिकामा चालतो आहे, असे म्हणू. रिकामी हातगाडी कोणीही ओढतो. माल चढवल्यावर कळते, हमालाच्या अंगात जोर किती ते. कमजोर एसएमपीएस रिकामा असताना अगदी बारा व्होल्ट दाखवतो आणि ओझे पडले, की दहावर येतो. याच्या उलटही होते. काही जुन्या डब्यांना थोडे तरी ओझे लागतेच. नाही दिले, तर आकडे चुकीचे दाखवतात किंवा लगेच बंद पडतात. त्यांना बिघडलेले म्हणणे हा अन्याय होईल.”

पिन काढून मामूंनी बल्ब एका पिवळ्या आणि एका काळ्या वायरला जोडला. मग एक जुनी, रिकामी हार्ड डिस्कही लावली. पिन घातली. बल्ब लख्ख पेटला, हार्ड डिस्क घरघरू लागली. मीटरने ११.८ दाखवले. पाच मिनिटे झाली, दहा मिनिटे झाली. आकडा तिथेच होता.

“बल्बमधून किती प्रवाह जातो आहे?” मामूंनी विचारले.

भाचीने भागाकार केला. “एकवीस भागिले बारा. पावणेदोन अँपिअर.”

“पूर्ण संगणक याहून बराच जास्त ओढतो. म्हणून हा डबा शंभर टक्के चांगला आहे, असे मी म्हणणार नाही. पण संगणक मुळीच सुरू न होण्याइतका तो वाईट नाही, हे नक्की. आता त्याला सोडू आणि पुढच्याला विचारू.”

“पुढचा म्हणजे मदरबोर्ड,” चाचा हळू आवाजात म्हणाले. त्यांचा चेहरा पुन्हा उतरला. एसएमपीएस चांगला निघाला, याचा अर्थ पहिल्या दुकानदाराचे म्हणणे खरे, असा त्यांनी घेतला होता.

भाची विचार करत होती. ती म्हणाली, “मामू, हुकूम दिला तर डबा ऐकतो. म्हणजे त्याला हुकूम मिळत नव्हता. मदरबोर्ड हुकूम देत नसेल. पण मदरबोर्डला तरी कोणी सांगितले होते का?”

मामूंनी तिच्याकडे पाहिले. काही न बोलता त्यांनी वायरचा तुकडा, बल्ब आणि जुनी हार्ड डिस्क काढली. मदरबोर्डच्या वायरी पुन्हा लावल्या. चाचांची हार्ड डिस्क मात्र अजून बाजूलाच ठेवली. मदरबोर्डच्या कोपऱ्यात बारीक पिनांचा एक पुंजका होता. कॅबिनेटच्या तोंडाशी असलेल्या बटणाच्या दोन बारीक वायरी तिथे येत होत्या. मामूंनी त्या काढल्या. “या दोन पिना एका क्षणासाठी जोडल्या, की मदरबोर्डला बटण दाबल्यासारखेच वाटते. ही वीज अगदी थोडी असते,” ते म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हरचे टोक त्या दोन पिनांना हलकेच टेकवले.

एसएमपीएसचा पंखा फिरला. प्रोसेसरचा पंखा फिरला. पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली.

उडालेला मदरबोर्ड नव्हता. दहा वर्षे रोज दाबून दाबून ते बटणच आतून झिजले होते. ते दाबले जाई, ‘टक्’ असा आवाजही येई. पण आतले दोन पत्रे एकमेकांना भेटत नव्हते. अर्ज साहेबांपर्यंत पोहोचतच नव्हता.

“नवीन बटण टाकावे लागेल?” चाचांनी विचारले.

“या कॅबिनेटचे बटण आता कुठे मिळणार? पण त्याच्या शेजारी रीसेटचे छोटे बटण आहे ना, ते तुम्ही किती वेळा दाबलेत?”

“एकदाही नाही.”

“मग ते नवेच आहे.” मामूंनी रीसेट बटणाच्या वायरी काढून त्या दोन पिनांवर बसवल्या. दोन्ही बटणे आतून सारखीच असतात. कोणते बटण काय करते, हे ते कोणत्या पिनांवर बसवले त्यावर ठरते. मग पिन काढून त्यांनी चाचांची हार्ड डिस्क जोडली, कॅबिनेट बंद केले आणि ते छोटे बटण दाबले. थोड्या वेळाने पडद्यावर एक अर्धवट राहिलेला दावतनामा उघडला. वधूचे नाव लिहून झाले होते. वराचे बाकी होते.

चाचांनी खिशात हात घातला. मामूंनी तपासणीचे थोडे पैसे घेतले. बटणाचे घेतले नाहीत, कारण बटण चाचांचेच होते. भाचीने कागदाची एक पट्टी कापली, तिच्यावर उर्दूत आणि मराठीत ‘येथे दाबा’ असे लिहिले आणि ती छोट्या बटणाच्या वर चिकटवली.

शब्दार्थ

झुपका – अनेक वायरी एकत्र असलेला गुच्छ
भंगार – मोडके, टाकून दिलेले सामान
रूढ होणे – सर्वत्र वापरात येणे
दाब – वीज पुढे ढकलणारा जोर. तो व्होल्टमध्ये मोजतात
करडा – राखेच्या रंगाचा
जिवावर बेतणे – मरण्याची वेळ येणे
बोरू – लिहिण्यासाठी केलेली लेखणी
लग्नसराई – लग्नांचा मोसम
तोंडावर येणे – अगदी जवळ येणे
चेहरा उतरणे – निराश होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) संगणक बंद असतानाही कोणत्या वायरमध्ये वीज असते?
(आ) मामूंनी तपासणीपूर्वी चाचांची हार्ड डिस्क का सोडवली?
(इ) संगणकात नेमका कोणता भाग बिघडला होता?

२. ‘पंखा फिरला म्हणजे सगळे झाले असे नाही,’ असे मामू का म्हणाले? पाच-सहा वाक्यांत लिहा.

३. चांगल्या एसएमपीएसच्या लाल वायरवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती व्होल्ट चालतील? भाचीने काढले तसे गणित करून लिहा.

४. ‘खाली’ या शब्दाचा मराठीत आणि उर्दूत काय अर्थ होतो? दोन्ही अर्थ दाखवणारी वाक्ये लिहा.

५. हुकूम, जबाब, इशारा, अर्ज हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा.

६. वाक्यांत उपयोग करा : वाट पाहणे, भरवसा ठेवणे, तोंडावर येणे, चेहरा उतरणे.

७. आपल्या घरातील किंवा वर्गातील सॉकेटला अर्थिंग आहे का, हे मोठ्या माणसांना विचारा आणि त्यांनी काय सांगितले ते चार ओळींत लिहा. सॉकेट स्वतः उघडू नका.